व्हिक-२० साठी घरी बनवलेला ३२ के मेमरी बोर्ड : एका वर्गणीच्या कॅसेटचं प्रकरण

मित्राचे वडील, म्हणजे आमचे काका, १९८० च्या दशकात काही वर्षं टोरांटोला होते आणि तिथे त्यांनी १९८३ साली कमोडोर कंपनीचा व्हिक-२० हा घरगुती कॉम्प्युटर घेतला होता. परत येताना मशीन, डेटासेट (त्याचा कॅसेट प्लेअर) आणि एक डबाभर कॅसेटी आणल्या, पण १६ के चं (के म्हणजे १०२४ बाइट) मेमरी वाढवणारं कार्ट्रिज मधल्या घर बदलण्यात कुठेतरी गेलं. आता निवृत्तीनंतर त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब ठेवायला त्यांनी स्वतः बेसिक ह्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम, जो १६ के शिवाय चालूच शकत नाही, आणि दुसरं म्हणजे तेव्हाच्या मासिकांतून टाइप करून घेतलेले छोटे गेम, जे मेमरी न वाढवलेल्या मशीनसाठी होते. ह्या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात आणि सगळं डिझाइन त्यातूनच ठरलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी मशीन काय आहे ते बघू. व्हिक-२० जपानमध्ये १९८० ला व्हिक-१००१ नावाने आला, अमेरिकेत १९८१ ला ३०० डॉलरच्या आत, आणि दहा लाखांच्या वर खपलेला तो पहिला कॉम्प्युटर. आत ६५०२ प्रोसेसर, साधारण १ मेगाहर्ट्झवर, आणि रॅम फक्त ५ के. त्यातला १ के सिस्टिम स्वतःकडे ठेवते, ५१२ बाइट स्क्रीनला जातात (२२ कॉलम गुणिले २३ ओळी म्हणजे ५०६ अक्षरं), आणि चालू केल्यावर स्क्रीनवर येतं ३५८३ बाइट्स फ्री. साडेतीन हजार बाइट. काकांच्या प्रोग्रॅममध्ये नावांच्या आणि रकमांच्या डेटा ओळीच त्याहून जास्त भरतात.

आता नकाशा, कारण खरा प्रश्न मेमरी किती हा नाहीच, मेमरी कुठे बसते हा आहे. ६५०२ ला एकूण ६५५३६ पत्ते दिसतात. ० ते १०२३ आतली रॅम. १०२४ ते ४०९५ रिकामी जागा, ३ के ची. ४०९६ ते ८१९१ पुन्हा आतली रॅम. मग ८१९२ पासून ३२७६७ पर्यंत ८-८ के चे तीन रिकामे ब्लॉक, त्यांना ब्लॉक १, २, ३ म्हणतात. ३२७६८ ला अक्षरांचा रॉम (फक्त वाचता येणारी मेमरी), ३६८६४ च्या पुढे व्हिक चिप, कलर रॅम वगैरे, ४०९६० ते ४९१५१ हा ब्लॉक ५ जिथे गेमचं कार्ट्रिज बसतं, आणि त्यावर बेसिक आणि कर्नल (मशीन चालू करणारा आतला मूळ प्रोग्रॅम) ह्यांचे रॉम. ब्लॉक ४ ची जागा अक्षरांच्या रॉमने आणि आयओने (इनपुट-आउटपुटच्या भागांनी) खाल्लेली आहे म्हणून तो पोर्टवर, म्हणजे मागच्या कार्ट्रिजच्या खाचेवर, नाही.

गंमत अशी की व्हिक चिपला, म्हणजे जी चित्र काढते तिला, पोर्टवरची मेमरी दिसतच नाही. तिला फक्त आतली रॅम दिसते. म्हणून स्क्रीन कायम आतल्या ४ के मध्येच राहायला पाहिजे. मेमरी न वाढवलेल्या मशीनमध्ये स्क्रीन ७६८० ला असतो, आतल्या रॅमच्या शेवटी, आणि बेसिक ४०९७ ला सुरू होतं. पण ब्लॉक १ मध्ये रॅम सापडली की कर्नल स्क्रीन उचलून ४०९६ ला आणून ठेवतो, बेसिक ४६०९ पासून सुरू करतो आणि तिथून वर सलग जागा मिळते. स्क्रीन शेवटी राहिला असता तर बेसिकच्या जागेचे मधोमध दोन तुकडे पडले असते. कलर रॅमसुद्धा सोबत सरकते, ३८४०० वरून ३७८८८ ला.

ह्याचा परिणाम काय, तर मासिकातला गेम जो पोक ७६८० करून (पोक म्हणजे त्या पत्त्यावर बाइट लिहिणं) स्क्रीनवर राक्षस काढतो तो मेमरी वाढवलेल्या मशीनवर राक्षस स्क्रीनवर न काढता बेसिकच्याच जागेत बाइट टाकतो, कधी नुसताच काही दिसत नाही, कधी प्रोग्रॅम स्वतःचंच व्हेरिएबल खराब करून अडकतो. आणि काकांचा वर्गणीचा प्रोग्रॅम बरोबर उलटा, त्यात ४०९६ ला पोक आहेत कारण त्यांनी तो १६ के लावून लिहिला होता. एकच मशीन आणि दोन नकाशे. म्हणून बोर्डवर स्विच पाहिजेत हे पहिल्याच बैठकीत नक्की झालं. काका म्हणाले, "अरे मग दर वेळी कार्ट्रिज काढून ठेवायचो की मी, त्यातच हरवलं असेल." अगदी बरोबर, आणि तो पोर्ट आता चाळीस वर्षांचा आहे, त्यात रोज काहीतरी घालायचं-काढायचं नाही.

तयार कार्ट्रिज विकत का नाही घेतलं? कमोडोरची स्वतःची होती, ३ के ची व्हिक-१२१०, ८ के ची १११०, १६ के ची ११११. बाहेरच्या लिलावात अधूनमधून दिसतात, पण पाठवणावळ आणि कस्टम धरलं तर चिपच्या किमतीच्या कितीतरी पट होतं, आणि आत त्याच जुन्या चिपा. त्या काळची नेहमीची स्टॅटिक रॅम २११४, ती १०२४ गुणिले ४ बिट. २४ के करायला तसल्या ४८ चिपा लागतील, पॉवर सप्लाय रडेल. आज ६२२५६ नावाची एकच २८ पायांची चिप ३२ के बाय ८ बिट देते, ५ व्होल्टवर चालते आणि करंट खाते अगदी थोडा, सगळा बोर्ड १०० मिलिअँपच्या आत. काकांचं मशीन जुनं दोन पिनवालं, ज्याला बाहेरून ९ व्होल्ट एसी जातो आणि ५ व्होल्ट आत रेग्युलेटरवर बनतो, आणि तो रेग्युलेटर आधीच चांगला तापतो, त्यामुळे करंटचा हिशोब मी मुद्दाम आधी केला.

डायनॅमिक रॅमचा, जिच्यातला डेटा सतत रिफ्रेश म्हणजे ताजा करत राहावा लागतो, विचारही केला नाही. झेडएक्स८१ ह्या त्या काळच्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या १६ के पॅकमध्ये डायनॅमिक होती कारण तिथला झेड८० प्रोसेसर रिफ्रेशचं काम स्वतः करतो, ६५०२ तसलं काही करत नाही, मग रिफ्रेशचं वेगळं सर्किट बनवत बसा. स्टॅटिक घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

मग दोन रस्ते उरले. पहिला अगदी सरळ, ६२६४ ह्या ८ के च्या चिपा घ्यायच्या, एक ब्लॉक एक चिप, पोर्टवरची ब्लॉकची तार थेट त्या चिपच्या सिलेक्टला, म्हणजे चिपला जागं करणाऱ्या पायाला. लॉजिक शून्य. ज्याला पहिल्यांदा बनवायचंय त्याने हेच करावं असं माझं मत आहे, चुकायला जागाच नाही. पण चार ब्लॉकला चार २८ पायांचे सॉकेट, म्हणजे बोर्ड मोठा आणि बोर्डाचा खर्च आकारावर जातो. दुसरा रस्ता म्हणजे एकच ६२२५६ आणि त्याचे चार तुकडे चार ब्लॉकना वाटायचे. मी दुसरा घेतला, आणि त्यातलं डीकोडिंग (पत्त्यावरून ब्लॉक ओळखणं) इतकं नीट बसतं की ते पूर्ण सांगतो.

पोर्टवर अ‍ॅड्रेसच्या तारा ए० ते ए१३ एवढ्याच येतात, ए१४ आणि ए१५ येत नाहीत. त्याऐवजी मशीन आतच डीकोड करून ब्लॉक १, २, ३, ५ अशा चार तारा देतं. ज्या ब्लॉकमधला पत्ता चालू असेल त्याची तार खाली म्हणजे ०, बाकीच्या वर. एका वेळी फार तर एकच खाली. ६२२५६ ला मात्र १५ अ‍ॅड्रेस तारा लागतात. ए० ते ए१२ सरळ जोडल्या, वरच्या दोन आपण बनवायच्या. मशीनचा ए१३ वापरून एक तरी वाचेल असं वाटतं, पण ब्लॉक १, ३ आणि ५ तिघांतही ए१३ एकच येतो, म्हणजे उरलेल्या एका तारेवर तीन ब्लॉक वेगळे ओळखायचे, ते होत नाही. तेव्हा ए१३ सोडून द्यायचा आणि दोन्ही तारा ब्लॉकच्याच तारांपासून काढायच्या.

रॅमचा ए१४ म्हणजे ब्लॉक १ आणि ब्लॉक २ ह्यांचा अँड (दोन्ही १ असतील तरच १). ब्लॉक १ किंवा २ चालू असेल तर ०, नाहीतर १. रॅमचा ए१३ म्हणजे ब्लॉक १ आणि ब्लॉक ३ चा अँड. आता बघा, ब्लॉक १ ला येतं ००, ब्लॉक २ ला ०१, ब्लॉक ३ ला १०, ब्लॉक ५ ला ११. चारही वेगळे. राहिला चिप सिलेक्ट, जो चारातली कुठलीही एक तार खाली गेली की खाली गेला पाहिजे, म्हणजे चौघांचा अँड. पहिला अँड (१ आणि २) आपल्याकडे आहेच, तिसऱ्या गेटने ३ आणि ५ चा अँड घ्यायचा, चौथ्याने ह्या दोघांचा. एकूण चार दोन-इनपुट अँड गेट, आणि ७४एलएस०८ मध्ये बरोबर चारच असतात! एक गेट वाया नाही, एक कमी नाही. कागदावर हे जमलं तेव्हा मी मित्राला रात्रीच फोन केला.

इथे एक सूचना जी मनापासून करतो : दुकानात ७४एचसी०८ हातात ठेवतील, घेऊ नका. व्हिकच्या आतलं डीकोडर टीटीएल ह्या जुन्या जातीच्या चिपचं आहे, त्याचं १ म्हणजे हमी फक्त २.७ व्होल्टची, आणि एचसी जातीला ५ व्होल्टवर १ ओळखायला साडेतीन लागतात. बहुतेक वेळा चालेलही, आणि मग उन्हाळ्यात एखाद्या दिवशी चालणार नाही, अशा बिघाडाला शोधणं फार जीवघेणं. एलएस घ्या किंवा एचसीटी घ्या. मला एलएस पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळाला. ६२२५६ चं इनपुट टीटीएलला चालतं, तिथे चिंता नाही. स्पीडचीही नाही, मशीनची एक सायकल हजार नॅनोसेकंदांच्या आसपास आणि रॅम ७० नॅनोसेकंदाची.

राइटची तार हा दुसरा नाजूक मुद्दा. पोर्टवर रीड-राइटच्या दोन तारा आहेत, १७ नंबरला व्ही-आर-डब्ल्यू आणि १८ ला सी-आर-डब्ल्यू. दुसरी थेट प्रोसेसरकडून येते. आता ६५०२ मध्ये क्लॉकच्या पहिल्या अर्ध्यात पत्ता आणि रीड-राइट बदलत असतात, डेटा खरा होतो दुसऱ्या अर्ध्यात. जर राइट पहिल्याच अर्ध्यात खाली गेली आणि पत्ता अजून सरकतोय, तर भलत्याच जागी बाइट लिहिला जाऊ शकतो. व्ही-आर-डब्ल्यू मात्र आतल्या रॅमसाठीची तार आहे, आणि पहिल्या अर्ध्यात त्या रॅममधून व्हिक चिप चित्र वाचत असते, तेव्हा ती तार त्या वेळात वरच असावी लागते. म्हणजे क्लॉकशी जुळवून दिलेली राइट आपल्याला आयती मिळते. रॅमचा राइट पाय १७ नंबरला, आउटपुट इनेबल ग्राउंडला. राइट खाली गेली की चिप आपणहून आउटपुट सोडते. त्या क्षणी काही नॅनोसेकंद रॅम आणि प्रोसेसर दोघं डेटाच्या तारांवर एकदम बोलतात, खूप चोखंदळ असाल तर त्यासाठी अजून एक गेट घालता येईल, मी घातलं नाही.

स्विच ब्लॉकच्या चारही तारांमध्ये, पोर्ट आणि एलएस०८ च्या मधे, आणि गेटच्या बाजूला प्रत्येकी ४.७ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे तार वर धरून ठेवणारा रेझिस्टर. हा पुल-अप विसरायचा नाही, कारण स्विच बंद (ऑफ) केला की ते इनपुट लोंबकळतं आणि त्याच्या भरवशावर काही ठरवता येत नाही. पुल-अप असला की बंद स्विच म्हणजे सरळ तो ब्लॉक नाही. ब्लॉक १ चा स्विच बंद केला की कर्नलला ८१९२ ला काही सापडत नाही आणि मशीन जुन्या नकाशावर उभं राहतं, ३५८३, स्क्रीन ७६८० ला, गेम खुश. बाकीचे स्विच चालू राहिले तरी फरक पडत नाही कारण कर्नल खालून वर सलग शोधतो आणि पहिल्या भोकाला थांबतो.

राइटच्या तारेतही एक स्विच दिलाय, पुल-अपसकट. ब्लॉक ५ मध्ये एखाद्या जुन्या कार्ट्रिजची कॉपी लोड केली की काही कार्ट्रिज स्वतःवरच लिहून बघतात की आपण रॅममध्ये तर नाही, आणि असलो तर मोडतात. राइट बंद केली की त्यांना रॉमच वाटतो. सगळ्या बोर्डाचीच राइट बंद होते म्हणून ब्लॉक १ सुद्धा कर्नलला रॅम वाटत नाही आणि जुना नकाशा येतो, जो कार्ट्रिजला हवाच असतो. सोबत रीसेटचं बटण, एक्स नंबरच्या पायापासून ग्राउंडला. रीसेट झाल्यावर कर्नल ४०९६४ पासूनचे पाच बाइट बघतो, तिथे कार्ट्रिजची ठरलेली खूण असली की बेसिकऐवजी कार्ट्रिज चालू करतो.

बोर्डचं काम किकॅड ह्या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. पोर्ट म्हणजे मशीनच्या मागे असलेला २२ आणि २२ संपर्कांचा सॉकेट, ३.९६ मिमी अंतराचा, म्हणजे बोर्डाच्या कडेलाच बोटं काढावी लागतात, भोकांच्या जनरल बोर्डवर हे होत नाही. वरची ओळ १ ते २२, खालची ए ते झेड, मधली जी, आय, ओ, क्यू ही अक्षरं गाळून. चारही कोपरे, १, २२, ए आणि झेड, ग्राउंड आहेत आणि २१ ला ५ व्होल्ट. ही फार सोयीची गोष्ट, कारण फायनल ऑर्डर देण्याआधी मल्टिमीटरने मशीनच्या सॉकेटवर कोपरे आणि २१ तपासले की डावं-उजवं, वर-खाली सगळं पक्कं होतं. एकास एक प्रिंट काढून जाड पुठ्ठ्यावर चिकटवून सॉकेटशी लावून बघितली. जाडी १.६ मिमी, आणि फिनिश सोन्याच्या पातळ मुलाम्याचं घेतलं, साधं टिनवालं नाही, कारण टिनचे उंचसखल थर सॉकेटच्या स्प्रिंगना घासतात. कड कानशीने थोडी तिरकी केली, तेव्हा तोंडाला मास्क लावा, फायबरग्लासची धूळ वाईट.

राउटिंग करताना एक सवलत मिळते ती बऱ्याच जणांना माहीत नसते. रॅमला तिचे अ‍ॅड्रेस पाय कुठल्या क्रमाने जोडले ह्याने काही फरक पडत नाही. मशीनचा ए३ चिपच्या ए७ ला गेला तरी चालेल, लिहिताना जिथे गेलं तिथूनच वाचताना येतं. डेटाच्या तारांचंही तसंच. म्हणून ज्या पायाजवळ जी तार येईल ती जोडत गेलो आणि दोन थरांत सगळं आरामात बसलं, जंपर नाही. फक्त त्याच सॉकेटमध्ये उद्या रॉम बसवायचा विचार असेल तर ही सवलत घेऊ नका. प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरड, बोर्डाच्या तोंडाशी १० मायक्रोफॅरड.

बोर्ड आला, सॉकेट सोल्डर केले. चिपा न घालता आधी ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना ते बघितलं, मग रिकामाच बोर्ड लावून मशीन चालू, ३५८३, म्हणजे बोर्ड निदान काही बिघडवत नाही. मग दोन्ही चिपा घालून सगळे स्विच बंद, तरी ३५८३. ब्लॉक १ चालू, ११७७५. ब्लॉक २, १९९६७. ब्लॉक ३ चालू केला, आणि यायला पाहिजे २८१५९ पण आलं पुन्हा १९९६७.

हे आकडे स्वतःच निदान करतात, प्रत्येक पायरी ८१९२ ची, कुठला ब्लॉक गेला ते लगेच कळतं. ब्लॉक ३ ची तार १२ नंबरच्या बोटावर. बोटापासून एलएस०८ पर्यंत मीटर व्यवस्थित वाजत होता. मग बेसिकमध्ये २४५७६ ला सतत पीक करणारी (तिथला बाइट वाचणारी) एक ओळीची लूप चालवली आणि लॉजिक प्रोबने (तार वर की खाली ते दाखवणाऱ्या यंत्राने) बघितलं तर गेटच्या इनपुटला काही हालचालच नाही, कायम वर. म्हणजे सिग्नल बोर्डापर्यंत पोचतच नव्हता. मशीन बंद करून सॉकेटमध्ये टॉर्च मारला तर १२ नंबरची स्प्रिंग आत दबलेली आणि काळी पडलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळी ओळ पुसली, बारीक सुईने ती स्प्रिंग हलकेच पुढे आणली, आणि २८१५९. पुल-अप नसता तर हाच दोष कधी १९९६७, कधी हँग, कधी रंगीत कचरा असा दिसला असता आणि आम्ही चिपा बदलत बसलो असतो.

पण २८१५९ दिसलं म्हणजे बोर्ड बरोबर आहे असं अजिबात नाही, आणि हे मला ह्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कर्नल सुरुवातीला एकेका पत्त्यावर लिहितो आणि लगेच तिथूनच वाचतो. समजा अँड गेटची एखादी तार तुटली आणि ब्लॉक १ आणि ब्लॉक २ दोन्ही रॅमच्या त्याच ८ के वर पडले, एकाच खोलीला दोन घरनंबर दिल्यासारखं, तर कर्नलला काहीच कळणार नाही. लिहिलं, वाचलं, जुळलं, पुढे. स्क्रीनवर दिमाखात २८१५९ येईल आणि काकांचा प्रोग्रॅम ज्या दिवशी ८ के च्या पुढे वाढेल त्या दिवशी स्वतःच्याच ओळी खाईल.

म्हणून टेस्ट अशी की आधी सगळीकडे लिहायचं आणि मग सगळीकडून वाचायचं. २५६ बाइटचं एक पान धरलं तर ८१९२ ते ३२७६७ म्हणजे पान ३२ ते १२७. लूप लावून प्रत्येक पानाच्या पहिल्या बाइटमध्ये पानाचा स्वतःचा नंबर पोक करायचा, म्हणजे पोक पी*२५६,पी, सगळी पानं झाली की दुसऱ्या लूपमध्ये पीक करून नंबर जुळतो का बघायचं. कुठलीही वरची तार तुटलेली किंवा दोन तारा चिकटलेल्या असतील तर एका पानात दुसऱ्याचा नंबर सापडतो, आणि कुठल्या पानात कुठला सापडला ह्यावरून कुठली तार तेही कळतं. पान ३२ मध्ये ४० दिसला तर फरक ८ पानांचा, २०४८ बाइटचा, म्हणजे ए११. मग कुठल्याही एका पानात ० ते २५५ लिहून परत वाचलं की खालच्या आठ तारा झाल्या, आणि ८५ आणि १७० लिहून डेटाच्या तारा. ब्लॉक ५ साठी हेच पान १६० ते १९१, फक्त त्याची सुरुवात पहिल्या तीन ब्लॉकमधलं लिहिलेलं न पुसता करायची, कारण तोही त्याच चिपमध्ये आहे.

एक काळजी घ्यायची, बेसिक स्वतःचे स्ट्रिंग मेमरीच्या अगदी वरच्या टोकाला ठेवतं, म्हणजे आपण जिथे टेस्ट करतोय तिथेच. म्हणून पहिल्याच ओळीत पोक ५५,० आणि पोक ५६,३२ आणि सीएलआर, म्हणजे बेसिकची हद्द ८१९२ ला संपते आणि टेस्टचा प्रोग्रॅम आतल्या रॅममध्ये सुरक्षित राहतो. टेस्ट गार मशीनवर घेतली आणि मशीन तासभर तापल्यावर पुन्हा घेतली, दोन्ही वेळा एकही पान चुकलं नाही.

मग कॅसेट. डेटासेटचं हेड स्पिरिटने पुसलं, रबरी बेल्ट नवा घातला. कमोडोरची टेप पद्धत प्रत्येक तुकडा दोनदा रेकॉर्ड करते, पहिल्या प्रतीत चूक आली तर दुसरीतून दुरुस्त, त्यामुळे संथ असली तरी इतक्या वर्षांनंतर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. वर्गणीचा प्रोग्रॅम लोड झाला, रन केला, आणि नावांची यादी स्क्रीनवर सरकायला लागली, इंग्रजी कॅपिटलमध्ये, पुढे डॉलरच्या रकमा. काका खुर्ची पुढे ओढून एकेक नाव मोठ्याने वाचत होते, हा आता पुण्यातच असतो, ह्याने दर वर्षी उशिरा दिली वर्गणी पण दिली, ही बाई मोदकांचं सगळं बघायची. तेव्हाच्या मंडळाची ती यादी दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाही, कागद कधीच गेले. आम्ही ती लगेच वहीत उतरवून घेतली आणि टेपचा आवाजही लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवला. त्याच कॅसेटची दुसरी बाजू, ज्यात पुढच्या वर्षाचा हिशोब आहे, ती अजून वाचली जात नाही, लोड एररवर थांबते. तो प्रश्न बोर्डाचा नाही, फीत सुरकुतलेली आहे.

स्विचवर काकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्यात, ब्लॉक १ खालच्या बाजूला "गेम", वरच्या बाजूला "वर्गणी". स्विच मशीन बंद असतानाच फिरवायचा, चालू असताना फिरवला तर काही जळत नाही पण प्रोग्रॅमच्या पायाखालची मेमरी जाते.

बोर्डवर १०२४ ते ४०९५ च्या त्या ३ के साठी दुसऱ्या चिपची जागा काढून ठेवलीय पण चिप बसवलेली नाही. ती करायला पोर्टवरच्या रॅम १, २, ३ ह्या तीन तारांचा अँड घ्यायचा, ७४एलएस११ च्या एका गेटने होतो, आणि एक ६२६४ लावायची. ८ के लावलेलं असलं की बेसिक तो भाग वापरत नाही, पण ब्लॉक १ बंद ठेवून फक्त ही ३ के चालू केली की स्क्रीन ७६८० लाच राहतो आणि ६६५५ बाइट मिळतात, म्हणजे गेमच्या नकाशात जवळजवळ दुप्पट जागा. काकांच्या मासिकांच्या गठ्ठ्यात ३ के लागणारे दोन-तीन गेम आहेत असं ते म्हणतात. ते सापडले की चिप आणतो.